फेरोमोन लावलंय, मग वरून आफ्टरशेव्ह मारू की कोलोन?

गेल्या शिगम्याची गोष्ट. माझ्या मावसभावाने ऑनलाइन फेरोमोनची बाटली मागवलेली (फेरोमोन म्हणजे अंगाला लावलं की समोरचा आपोआप ओढला जातो असं सांगून विकतात ते रसायन), वर लिहिलेलं 'बिनवासाचं'. संध्याकाळी पणजीला मिरवणूक बघायला जायचं म्हणून पठ्ठ्याने गुळगुळीत दाढी केली, चार थेंब गळ्याला चोळले आणि वरून आफ्टरशेव्हचा हबका मारला. फोंड्याला बसमध्ये चढलो तेव्हा एकदम फ्रेश. बाणस्तारीचा पूल गेला, पुढे ट्रॅफिक लागला, घाम सुटला, आणि जुनं गोवं येईपर्यंत आफ्टरशेव्ह कधीच उडून गेलं नि मागे उरला तो दोन दिवस न धुतलेल्या बनियनचा वास. मावशी पुढच्या सीटवरून मागे वळून विचारते, "काय रे, आंघोळ करून निघालास मरे?" बिचारा साबणाने दोनदा घासून निघालेला.

तर चूक कुठे झाली? फेरोमोनच्या बाटलीत बहुतेक वेळा अँड्रोस्टेनोन नाहीतर अँड्रोस्टेनॉल असतं. अँड्रोस्टेनॉल बरं असतं, कस्तुरी-चंदनाच्या अंगाने जातं. अँड्रोस्टेनोनचं मात्र काही खरं नाही, कुणाला ते शिळ्या घामासारखं नाहीतर चक्क मुतारीसारखं येतं, कुणाला गोडसर लागतं आणि कुणाला काहीच येत नाही, कारण वास घेणाऱ्या एका जीनमध्ये माणसामाणसात फरक असतो, २००७ मध्ये हे संशोधनातून पुढे आलं. म्हणजे स्वतःच्या नाकावर भरवसा ठेवू नका, तुम्हाला येत नसेल पण शेजारच्याला भप्पकन येईल. लावल्यावर घरातल्या दोघातिघांना वास घ्यायला लावा, लाज वाटली तरी. आणि हो, हेच रसायन डुकराच्या नराच्या लाळेत असतं, माजावर आलेली डुकरीण त्यानेच नरासाठी जागच्या जागी उभी राहते, नराच्या मांसाला जो उग्र वास मारतो त्यातही याचा हात असतो. गावात ज्यांनी डुकरं पाळली त्यांना वेगळं सांगायला नको.

आता मुद्द्याचं. हे रेणू जड, सावकाश उडणारे, अंगावर तासन् तास बसून राहतात. त्यामुळे वरून जे झाकण म्हणून लावायचं ते निदान तेवढाच वेळ टिकायला पाहिजे, नायतर बसमधला किस्सा. आफ्टरशेव्हमध्ये सुगंधी तेल साधारण १ ते ३ टक्के, बाकी अल्कोहोल आणि पाणी. ते मुळात वासासाठी नाहीच, दाढीनंतर कातडी आवळायला आणि बारीक कापलेल्या जागा साफ ठेवायला, आपल्या सलूनमध्ये तुरटीचा खडा फिरवतात ना तेच काम. गोव्याच्या उकाड्यात त्याचा वास तासभर टिकला तर नशीब.

कोलोन त्याहून थोडं बरं, पण इथेही एक घोळ आहे. खरं कोलोन म्हणजे जर्मनीतल्या कोलोन शहरातलं, तिथे १७०९ पासून फारिना नावाचं इटालियन घराणं हा धंदा करतंय, लिंबू-संत्र्याच्या जातीचा हलका वास, तेल २ ते ५ टक्के. आणि लिंबूवर्गीय वास सगळ्यात आधी उडतात. दुकानात मात्र पुरुषांच्या कुठल्याही पर्फ्यूमला कोलोन म्हणून मोकळे होतात. म्हणून नावावर जाऊ नका, बाटलीवर ईडीटी (EDT, म्हणजे ओ द तॉयलेत) लिहिलंय का बघा, त्यात तेल साधारण ५ ते १५ टक्के असतं. ईडीपी (EDP, ओ द पर्फ्यूम) आणखी दाट, पण एप्रिल-मेच्या दमटपणात डोकं धरायला लावेल, मी तरी दिवसा नाही लावत. वास घ्यायचा तो बाटली उघडल्या उघडल्या नाही, कागदाच्या पट्टीवर मारा, बाजारात फिरून या, काजू घ्या, तासाभराने परत हुंगा. तेव्हा चंदन, वाळा, देवदार, कस्तुरी असलं काही उरलेलं असेल तर ते घ्या, फेरोमोनच्या घामट वासात हे मिसळून जातात. नुसता लिंबू उरला असेल किंवा काहीच नसेल तर ठेवून द्या.

मग आफ्टरशेव्ह फेकून द्यायचं का? तसं नाही. दाढीनंतर लावा, पण बिनवासाचा बाम घ्या, अल्कोहोल नसलेला. दोन वेगळे सुगंध आणि खाली फेरोमोन असा तिहेरी मामला झाला की सोलकढीत चहा ओतल्यासारखं होतं. फक्त आफ्टरशेव्हवर भागवायचंच असेल तर कोपऱ्यावर चहा प्यायला जाण्याएवढा वेळ, एकच थेंब फेरोमोन, बस्स.

मी करतो ती पद्धत अशी. रात्रीच दाढी, सकाळी नाही, कारण ताज्या दाढीवर फेरोमोन चोळलं की चुरचुरतं आणि पुरळ येतं. पहिल्यांदा वापरत असाल तर कोपराच्या आतल्या बाजूला एक थेंब लावून एक दिवस थांबा. सकाळी आंघोळ, अंग नीट कोरडं, मग छातीवर एक थेंब, फार तर कानामागे अजून एक. मनगटावर मनगट घासू नका. पाचेक मिनिटं वाळू द्या आणि मगच ईडीटीचे दोन फवारे, एक मानेला मागून आणि एक शर्टाच्या आतल्या बाजूला, कपड्यावर वास अंगापेक्षा जास्त टिकतो. पांढऱ्या शर्टावर आधी कोपऱ्यात मारून बघा, डाग पडतात. फेरोमोनचं तेल मात्र कपड्यावर नको, धुऊनही पटकन जात नाही. दुपारी घाम आला की आधी ओल्या रुमालाने पुसा आणि मग एक फवारा, घामावरच मारलात तर परत मावशी मागे वळणार.

बीचवर जाणार असाल तर लिंबूवर्गीय कोलोन उघड्या अंगावर अजिबात नको. त्यात बहुतेकदा बर्गामोट नावाच्या लिंबाच्या जातीच्या फळाचं तेल असतं, त्या तेलात एक घटक असतो, त्यावर ऊन पडलं की कातडी भाजल्यासारखी होते आणि काळे डाग महिनोन् महिने जात नाहीत. हल्ली बरेच जण तो घटक काढलेलं तेल वापरतात, पण स्वस्त बाटलीची खात्री कोण देणार.

आता, याने पोरी खरंच वळून बघतात का? १९५९ मध्ये रेशमाच्या पतंगात पहिलं फेरोमोन सापडलं, तिथे ते शंभर टक्के चालतं. माणसात असं एकही फेरोमोन अजून सिद्ध झालेलं नाही, बाटलीवर काही का लिहिलेलं असेना. मावसभाऊ म्हणतो त्याला आतून कॉन्फिडन्स येतो. येत असेल, पण तो बाराशे रुपयांच्या बाटलीतून का घ्यायचा मला कळत नाही. घ्यायचाच असेल तर लहान बाटली घ्या, आणि गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, उन्हात वास लवकर बिघडतो. कपाटात, अंधारात, पावसाळ्यात झाकण घट्ट.