मेल जाऊन नाही राहिला, पण अडकला कुठं ते तं सांगा

'ईमेल पाठवता आला नाही, पुन्हा प्रयत्न करा' असा एरर बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये ज्यानं लिहिला त्याला नागपूरच्या इतवारी बाजारातल्या व्यापाऱ्याचा फोन एकदा तरी उचलायला लावला पाहिजे. पार्टीला बिल गेलं नाही म्हणून माणूस तापलेला, अन् स्क्रीनवर वाचून दाखवायला काहीच नाही.

तर भाऊ, आधी टप्पे वेगळे पकडा. सर्व्हरचं नाव सापडलं का, पोर्ट (सर्व्हरचा नंबरवाला दरवाजा) उघडला का, टीएलएस हँडशेक (कनेक्शन एन्क्रिप्ट करायची सुरुवातीची बोलणी) झाला का, लॉगिन झालं का. चारही एकाच कॅचमध्ये (एरर पकडणाऱ्या कोडमध्ये) कोंबले की खेळ खल्लास. एररमध्ये टप्पा, होस्ट, पोर्ट, अन् थेट टीएलएस होतं की स्टार्टटीएलएस (साधं कनेक्शन मधातच टीएलएसवर नेणं) एवढं द्या, खाली लायब्ररीचा (मेल पाठवणाऱ्या तयार कोडचा) मूळ मेसेज जसाच्या तसा ठेवा, त्याचं मराठी करू नका, सर्चला तोच लागते.

सगळ्यात जास्त घोळ 465 अन् 587 या मेल पाठवायच्या दोन पोर्टचा. 465 वर पहिल्या बाइटपासून टीएलएस, 587 वर आधी साधं बोलणं अन् मग स्टार्टटीएलएस. 587 वर थेट टीएलएस लावलं की ओपनएसएसएल (टीएलएसची लायब्ररी) म्हणते 'राँग व्हर्जन नंबर', अन् आपला डेव्हलपर टीएलएसचं व्हर्जन बदलत बसते! व्हर्जनचा काही संबंध नाही बे, समोरून साधं '220' (मेल सर्व्हरचा नमस्कार) आलं अन् हा ते टीएलएस समजून वाचून राहिला. उलट केलं, म्हणजे 465 वर साधं कनेक्शन, तर दोघंही एकमेकांची वाट पाहतात अन् नुसता टाइमआउट येते. म्हणून हे दोन एरर ओळखून खाली 'पोर्ट अन् सिक्युरिटीची जोडी तपासा' असं लिहाच.

सर्टिफिकेटला, म्हणजे सर्व्हरच्या ओळखपत्राला, नुसतं 'इनव्हॅलिड' नका म्हणू. तारखेची भानगड असेल तं सर्टिफिकेटच्या तारखा अन् कॉम्प्युटरची तारीख दोन्ही छापा, दुकानातल्या जुन्या पीसीचा सेल गेला की घड्याळ कितीतरी वर्षं मागं जाते. नाव जुळत नसेल तं आपण मागितलेलं नाव अन् सर्टिफिकेटमधली नावं शेजारी शेजारी, शेअर्ड होस्टिंगवर हे नेहमीचंच. इश्युअर (सर्टिफिकेट देणारा) अनोळखी असेल तं त्याचं नाव छापा, कधी कधी तिथं चक्क मधात बसून कनेक्शन तपासणारा अँटीव्हायरसच निघते.

जुन्या मशीनसाठी टीएलएसचं कोणतं व्हर्जन ट्राय केलं तेही लिहा, 1.0 अन् 1.1 तं 2021 मध्येच अधिकृतपणे बाद झाले.

लॉगमध्ये ऑथची (लॉगिनची) ओळ मात्र झाका. तिथं पासवर्ड बेस64 मध्ये लिहिलेला असते, अन् बेस64 म्हणजे एन्क्रिप्शन नाही, कोणीही उलगडते. अन् सर्टिफिकेटचं 'व्हेरिफिकेशन बंद करा' असा चेकबॉक्स कस्टमरच्या हाती देऊच नका, तो एकदा टिक झाला की कोणी काढत नाही. त्यापेक्षा 'एरर कॉपी करा' बटण द्या, नाहीतर व्हॉट्सअ‍ॅपवर स्क्रीनचा अर्धा कापलेला फोटो येते.