वापरलेली परफॉर्मन्स कार घेताय? तापलेल्या बॉनेटला भुलू नका

सायलेन्सरचा आवाज ऐकला की माणसाचं डोकं बंद पडतं. माझंही पडतं. म्हणून मी एक सवय लावून घेतली आहे: निदान अर्धा तास गाडी बंद असतानाच बघायची, आणि पहिला स्टार्ट गार इंजिनावरच ऐकायचा.

हे गार इंजिनाचं प्रकरण सांगून सांगून माझा घसा बसला. विकणाऱ्याला फोनवरच बजावा, मी येईपर्यंत चावी फिरवू नका. पोचल्यावर आधी बॉनेटवर हात ठेवा. कोमट लागलं, तर नमस्कार करून निघा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी या.

एका मित्रासोबत टर्बो हॅचबॅक बघायला गेलो होतो. बॉनेट चांगलं तापलेलं. मालक म्हणाला, "तुमच्यासाठी जरा गरम करून ठेवली." मी मित्राला बाजूला घेऊन म्हटलं, उद्या सकाळी येऊ. त्याला धीर कुठला! "अरे, अजून दोघं बघून गेलेत, हातची जाईल." संध्याकाळी टोकन, चौथ्या दिवशी गाडी दारात. पाचव्या दिवशी सकाळी त्याने फोन लावला आणि काही न बोलता नुसता आवाज ऐकवला. डब्यात खिळे हलवावेत तसा तीन-चार सेकंद खडखडाट, मग सगळं शांत. इंजिनातले व्हॉल्व्ह वेळेवर उघडणारी टायमिंग चेन ताणली गेली होती. ती घट्ट धरणाऱ्या टेन्शनरमध्ये ऑइलचा दाब आला की खडखड थांबते, त्यामुळे आधीच चालवून आणलेल्या गाडीत ती ऐकू येईलच असं नाही. मागून निळसर धूरही येत होता, म्हणजे ऑइल जळत होतं. टर्बोच्या सीलमधून की व्हॉल्व्ह सीलमधून, हे उघडल्यावर कळलं. दोन्हीकडून.

दुसरी माझी आवडती चूक: "गाडीच्या कॉम्प्युटरला स्कॅनर लावला, एकही एरर नाही." अहो, सकाळीच कोणीतरी एरर पुसून टाकले असतील तर दिसणार कुठून? त्याच स्कॅनरमध्ये रेडिनेस मॉनिटर, म्हणजे गाडी स्वतःच्या ज्या चाचण्या घेते त्यांचं पान असतं, ते उघडा. मेमरी पुसली की त्या चाचण्या 'अपूर्ण' दिसतात, आणि त्या पुऱ्या व्हायला वेगवेगळ्या परिस्थितीत गाडी चालावी लागते. रोज वापरात असलेल्या गाडीत तीन-चार मॉनिटर अपूर्ण असतील, तर मी मालकाला एवढंच विचारतो की बॅटरी कधी काढली होती (त्यानेही मेमरी पुसली जाऊ शकते). उत्तर देताना तो कुठे बघतो, ते महत्त्वाचं. रिमॅपचंही, म्हणजे ताकद वाढवायला इंजिनाचं सॉफ्टवेअर बदलण्याचंही, तसंच. विकायच्या आधी मूळ फाइल परत टाकतात आणि "गाडी एकदम स्टॉक" म्हणतात. पण टर्बोच्या जास्त दाबावर, म्हणजे बूस्टवर, पिळलेला क्लच पुन्हा स्टॉक होत नाही. मोठ्या गिअरमध्ये, कमी आरपीएमवरून पूर्ण अॅक्सिलरेटर दाबा. आरपीएमचा काटा चढतोय आणि वेग मागेच, म्हणजे क्लच स्लिप होतोय.

आरपीएम मर्यादेपुढे जाऊ न देणारा रेव्ह लिमिटर आहे म्हणून इंजिन सुरक्षित, हाही भ्रम. पाचव्यातून चौथा टाकायचा तो दुसरा पडला, तर चाकंच इंजिनाला फिरवतात, लिमिटर काही करू शकत नाही. पोर्शच्या अनेक गाड्यांत अशा ओव्हररेव्हची नोंद कंट्रोल युनिटमध्ये राहते. ती वाचून घ्या.

ज्या मॉडेलची गाडी, त्याचं दुखणं आधी माहीत हवं. ई४६ बीएमडब्ल्यू एम३मध्ये मागचं सस्पेन्शन धरणाऱ्या सबफ्रेमजवळचा पत्रा तडकतो, पोर्श ९९६ कॅरेरात आयएमएस (इंजिनातल्या मधल्या शाफ्टचं) बेअरिंग जाण्याची भीती असते, माझदा आरएक्स-८ची कॉम्प्रेशन टेस्ट रोटरी इंजिनाच्या खास टेस्टरने करतात. हे न वाचता जाणाऱ्याची मला खरंच कीव येत नाही.

टायरवरच्या डॉट (DOT) कोडचे शेवटचे चार आकडे बघा: २३१९ म्हणजे २०१९च्या २३व्या आठवड्यात बनलेला. महागड्या गाडीला चार वेगवेगळ्या कंपन्यांचे टायर दिसले, तर ऑइलमध्येही काटकसर झाली असं मी धरून चालतो.

जाडी मोजणाऱ्या मीटरवर कारखान्यातला रंग बहुधा १०० ते १८० मायक्रॉन भरतो. एकाच दारावर आकडा हजारावर गेला, तर खाली लांबी (पुटी) भरलेली आहे.

मेकॅनिक तुमचा न्या, त्यांचा नको.

आणि नुकतीच धुतलेली, ओली गाडी बघू नका. पाण्याखाली रंगातला फरक दिसत नाही, आणि धुतलेल्या इंजिनावर गळतीचा माग लागत नाही.