चॅम्पियन्स लीगची बाद फेरी खान्देशात बसून कशी पाहावी

चॅम्पियन्स लीग ही युरोपातल्या क्लबांची फुटबॉल स्पर्धा. ती पाहताना पहिली चूक तारखेत होते. युरोपात मंगळवारी रात्री ९ ला सुरू होणारा सामना जळगाव-धुळ्यात बुधवारी पहाटे १:३० ला लागतो. गजर मंगळवारचा लावला तर एक दिवस आधीच जाग येते. म्हणून वेळापत्रकातला वार खोडून त्यापुढचा वार लिहा. ही १:३० ची वेळ फेब्रुवारी-मार्चपुरती. मार्चच्या शेवटच्या रविवारी युरोपातली घड्याळं एक तास पुढे सरकतात, त्यामुळे एप्रिलपासून तेच सामने १२:३० ला सुरू होतात. प्ले-ऑफ (शेवटच्या १६ च्या आधीची फेरी) आणि शेवटच्या १६ च्या फेरीत काही सामने लवकरचे असतात. ते आपल्याकडे त्याच वारी रात्री ११:१५ ला लागतात, तिथे वार खोडू नका. २०२६ चा बुडापेस्टचा अंतिम सामना तर तिथल्या संध्याकाळी ६ चा ठरवला, म्हणजे आपल्या रात्री ९:३० चा. मे महिन्यातल्या लग्नाची पंगत उरकूनही गाठता येईल अशी वेळ.

आता कोण कोणाशी भिडेल ते आखायचा कागद. वहीचं जोडपान घ्या आणि पेन बाजूला ठेवून पेन्सिल उचला.

२०२४-२५ पासून ३६ संघ, प्रत्येकी ८ सामने आणि सगळ्यांचा एकच गुणतक्ता. पहिले ८ थेट शेवटच्या १६ मध्ये जातात, ९ ते २४ प्ले-ऑफ खेळतात, २५ पासून खालचे घरी. पूर्वीसारखी युरोपा लीग या दुय्यम स्पर्धेत उतरण्याची सोयही आता नाही. प्ले-ऑफच्या जोड्या पाठ करायची गरज नाही. क्रमांकांची बेरीज ३३ च्या आसपास येते एवढं ध्यानात ठेवा: ९-१० समोर २३-२४, ११-१२ समोर २१-२२, १३-१४ समोर १९-२०, १५-१६ समोर १७-१८. दोघांपैकी नेमका कोण ते सोडतीत ठरतं. एकाच देशाचे संघ समोरासमोर येऊ नयेत अशी अडवणूक इथे नाही.

पुढच्या फेरीत १-२ च्या वाट्याला १५ ते १८ मधून वर आलेले येतात, ३-४ ला १३-१४ आणि १९-२० वाले, ५-६ ला ११-१२ आणि २१-२२ वाले, ७-८ ला उरलेले. १-२, ३-४ अशा प्रत्येक क्रमांक-जोडीतला एक संघ डाव्या पानावर, दुसरा उजव्या पानावर. पानावर १-२ च्या चौकटीला लागून ७-८ ची चौकट काढा आणि ३-४ ला लागून ५-६ ची, कारण उपांत्यपूर्व फेरीत हेच एकमेकांना भिडतात. प्ले-ऑफ संपल्यावरची सोडत झाली की अंतिम सामन्यापर्यंतची वाट पक्की होते. तेव्हा पेन घ्या.

सरावाला २०२४-२५ चा हंगाम मांडून बघा. पॅरिसचा क्लब पीएसजी गुणतक्त्यात १५ वा. आधी १८ व्या ब्रेस्टला दोन सामन्यांत मिळून १०-० ने बाहेर काढलं, मग पहिल्या क्रमांकाच्या लिव्हरपूलला, मग आठव्या अ‍ॅस्टन व्हिलाला, तिसऱ्या आर्सेनलला, आणि म्युनिकच्या अंतिम सामन्यात चौथ्या इंटरला ५-० ने. कागद बरोबर आखला असेल तर ही रेघ कुठेही न तुटता शेवटपर्यंत जाते.

अंतिम सामना सोडला तर प्रत्येक लढत दोन सामन्यांची, एकेकाच्या मैदानावर एक; त्यातला प्रत्येक सामना म्हणजे लेग. दुसरा लेग घरच्या मैदानावर मिळणं हा वरच्या क्रमांकाचा फायदा. प्ले-ऑफमध्ये तो ९ ते १६ ला, त्यापुढे पहिल्या ८ ला मिळतो. २०२५-२६ पासून उपांत्यपूर्व फेरीत पहिल्या ४ ला आणि उपांत्य फेरीत पहिल्या २ लाही मिळू लागला. वरच्याला हरवलं की त्याची ही सवलत हरवणाऱ्याकडे जाते. फायदा म्हणजे हमी नव्हे, लिव्हरपूल पीएसजीसमोर आपल्या घरच्या अ‍ॅनफिल्डवरच पेनल्ट्यांत ४-१ ने गेलं.

हिशेबात गोंधळ होतो तो दुसऱ्या लेगला. पडद्यावर त्या रात्रीचा यजमान आधी दिसतो, म्हणजे पहिल्या लेगच्या उलट. कागदावर क्रम बदलू नका. पहिल्या लेगचा यजमान डावीकडे, दोन्ही रात्रींचे गोल एकाखाली एक, खाली बेरीज. बेरीज बरोबरीत आली तर १५-१५ मिनिटांचा जादा वेळ पूर्ण खेळतात, मग पेनल्टी शूटआउट. परक्या मैदानावरच्या गोलला जास्त वजन देणारा नियम २०२१-२२ पासून बंद आहे. पारावरच्या जुन्या जाणत्यांचा वाद बहुतेक इथेच अडतो. त्यांना मार्च २०२५ ची माद्रिदची लढत दाखवा: रेआल घरी २-१, अ‍ॅटलेटिको घरी १-०. जुन्या नियमाने ९० मिनिटांतच अ‍ॅटलेटिको पुढे गेली असती. नव्या नियमाने जादा वेळ झाला आणि पेनल्ट्यांत रेआल ४-२ ने जिंकली. त्यात पेनल्टी मारताना अ‍ॅटलेटिकोच्या आल्वारेझचा पाय घसरून चेंडूला दोनदा स्पर्श झाला आणि गोल रद्द झाला. त्यानंतर जूनमध्ये नियम स्पष्ट केला गेला: असा स्पर्श चुकून झाला आणि गोल गेला, तर पेनल्टी पुन्हा मारायची.

दुसऱ्या लेगच्या रात्री झोपेचा हिशेब वेगळा ठेवा. १:३० चा सामना साधारण साडेतीनला संपतो, शूटआउटपर्यंत गेला तर सव्वाचार. फेब्रुवारीत भरीत आणि कळण्याची भाकरी पोटभर खाऊन बसलात तर मध्यंतरालाच डोळा लागेल. आधी थोडं खा, उरलेलं मध्यंतराला.

कार्डांसाठी कागदाच्या कडेला जागा सोडा. तिसऱ्या पिवळ्या कार्डाला एक सामना बंदी, मग पाचव्याला, सातव्याला. उपांत्यपूर्व फेरी संपली की पिवळी कार्डं पुसली जातात, म्हणून दोन कार्डं असलेला खेळाडू त्या फेरीच्या दुसऱ्या लेगला जपून पाय घालतो. बदली खेळाडू ५, जादा वेळेत आणखी १.

मोबाइलवर पाहणार असाल तर रोजचा डेटा मध्यरात्री नव्याने मिळतो. १:३० चा सामना नव्या दिवसाच्या डेटावर चालतो आणि एचडीवर दीड जीबी शेवटची शिट्टी वाजण्याआधीच संपू शकतो. चित्राचा दर्जा मधला ठेवा. अ‍ॅपवरचं चित्र टीव्हीच्या मागे असतं, तेव्हा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप गप्प करा, नाहीतर गोल आधी भुसावळच्या मित्राच्या मेसेजमध्ये दिसेल. रात्रीच्या विजेवर केळीला पाणी द्यायला जाणाऱ्याने चित्राचा नाद सोडावा: नुसता स्कोअर उघडा ठेवा, आणि ८० व्या मिनिटाला बेरीज एका गोलाच्या फरकात असेल तेवढाच व्हिडिओ लावा.