जिवलग मित्र आपल्याला कुठे नेतात, हे कसे पारखावे

'कुसंगतीने नीती बिघडते' हे बायबलमधले प्रेषित पौलाचे वाक्य (१ करिंथ १५:३३) आपल्यापैकी अनेकांनी संडे स्कूलमध्येच पाठ केलेले असते. पण कुसंगती ओळखायची कशी? दारू-जुगाराचा नाद लावणारा कुणालाही दिसतो. देवावरचा विश्वास पोखरणारा मित्र मात्र बरेचदा प्रेमळ, हुशार आणि अडीअडचणीला धावून येणारा असतो.

आधी एक कागद घ्या. ज्यांच्याबरोबर फिरायला आवडते त्यांची नावे नकोत. नोकरी, लग्न, कर्ज, घरातले भांडण अशा वेळी तुम्ही ज्यांना पहिला फोन करता, त्यांची नावे लिहा. दोन-तीनच निघतील. तुमचा स्वभाव घडतो तो यांच्या हातून.

आता प्रत्येक नावापुढे एक प्रश्न ठेवा: माझ्या मनातल्या इच्छेचे हा काय करतो? २ शमुवेल १३ उघडून पाहा. सावत्र बहीण तामार हिच्या मोहाने राजपुत्र अम्नोन रोडावत चालला होता. त्याची विचारपूस केली ती योनादाबाने, चुलतभावाने आणि मित्राने. त्याने सगळे ऐकून घेतले आणि आजारपणाचे सोंग घ्यायची युक्ती सुचवली. त्यातून तामारेवर अत्याचार झाला आणि दोन वर्षांनी अम्नोनाचा खून. योनादाबाची काळजी कदाचित खरीही असेल, पण त्याने पापाची वाट सोपी करून दिली.

याउलट योनाथान, शौल राजाचा मुलगा. दावीद शौलाच्या भीतीने रानात लपला असताना तो त्याला शोधत गेला आणि 'देवाच्या ठायी' त्याचा हात बळकट केला (१ शमुवेल २३:१६). तो स्वतः राजपुत्र होता, तरी 'माझ्या भरवशावर राहा' असे म्हणाला नाही. उलट 'तू इस्राएलाचा राजा होशील' असे सांगून त्याने स्वतःच्या गादीवर पाणी सोडले. मित्र पारखायला माझ्या मते एवढी एक कसोटी पुरते: त्याच्याशी बोलून उठल्यावर मन देवाकडे वळते का?

मग स्वतःलाही तपासा. प्रजेने ओझे हलके करायची विनंती केली, तेव्हा रहबाम राजाला वडीलधाऱ्यांचा सौम्य सल्ला रुचला नाही, म्हणून तो बरोबर वाढलेल्या तरुणांकडे गेला. त्यांनी कठोर उत्तर द्यायला सांगितले आणि दहा वंश राज्यातून फुटले (१ राजे १२). आपणही कित्येकदा सल्ला विचारत नसतो, होकार गोळा करत असतो.

योनाथानासारखा कुणी सापडला, तर त्याला नेमका अधिकार द्या. 'माझ्यासाठी प्रार्थना कर' एवढ्यावर थांबू नका. 'दर महिन्याला माझ्या पैशांच्या व्यवहाराबद्दल मला विचार' असे सांगा.

ज्याच्यामुळे पाय घसरतो, त्याच्याशी वैर धरायचे कारण नाही. चहा-गप्पा चालू ठेवा, निर्णय मात्र त्याच्यासमोर मांडू नका. आणि अन्य धर्मांतले मित्र तोडा, असा याचा अर्थ मुळीच नाही. महाराष्ट्रात शाळा, ऑफिस, शेजार इथले आपले बहुतेक सोबती अन्यधर्मीयच असतात. येशू तर जकातदारांच्या पंक्तीला बसला. 'आज रविवार, तू चर्चला गेला नाहीस?' असे विचारणारा हिंदू किंवा बौद्ध मित्र लाभला असेल, तर देवाचे आभार माना.

कागदावर एकही नाव टिकले नाही, तर वाट पाहत बसू नका. येशूचा शिष्य फिलिप, येशूबद्दल शंका घेणाऱ्या नथनेलाशी वाद घालत बसला नाही, 'येऊन पाहा' एवढेच म्हणाला (योहान १:४६). येत्या रविवारी उपासनेनंतर मंडळीतल्या कुणा एकट्या माणसाला घरी जेवायला बोलवा. पहिल्याच भेटीत त्याच्याकडून विश्वासाची साक्ष काढू नका. त्याला बोलू द्या आणि निघताना पुढच्या भेटीचा दिवस ठरवा.