किनाऱ्यावर शूटिंग करताना कंटिन्यूइटीच्या या चुका टाळा

हातातला चहाचा ग्लास कधी अर्धा, कधी भरलेला, ही कंटिन्यूइटीची, म्हणजे एकाच प्रसंगातले शॉट एकमेकांशी न जुळण्याची चूक सहायक दिग्दर्शक पकडतोच. कोकणात घात करतं ते मागचं पाणी. भरती आणि ओहोटी यांत साधारण सव्वासहा तासांचं अंतर. सकाळी नऊला नायकाचे शॉट झाले, जेवणानंतर दोनला नायिकेचे, आणि एकाच संवादात समुद्र मागे-पुढे पळू लागतो. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला तर हे ठळक दिसतं. म्हणून लांबलचक प्रसंग अष्टमी-नवमीच्या भांगाला ठेवा. पाणी कमी चढतं-उतरतं.

‘उरलेलं उद्या याच वेळी घेऊ’ हा हिशेब इथे चुकतो. भरती रोज सुमारे 50 मिनिटं पुढे सरकते. कोळ्यांचा ठोकताळा सोपा आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. दक्षिणेकडे ती जरा लवकर येते, म्हणून गावातल्या तांडेलाला, म्हणजे होडीच्या प्रमुखाला, विचाराच. तेच ऊन आणि तेच पाणी हवं असेल तर पंधरा दिवसांनी या.

वाळूवरचा वाइड शॉट आधी घ्या, क्लोजअप नंतर. युनिटच्या पावलांचे ठसे दाताळ्याने पुसून होत नाहीत. नांगरलेल्या होड्यांची तोंडं प्रवाहाबरोबर फिरतात, त्यांचाही फोटो काढून ठेवा.

सतराव्या शतकातल्या प्रसंगामागे सुरूचं बन नको. मूळ ऑस्ट्रेलियाकडचं हे झाड आपल्या किनाऱ्यावर एकोणिसाव्या शतकात लावलं गेलं. माड, उंडी, केवडा चालेल. जुलैतल्या पावसाच्या दृश्यात ट्रॉलर नकोत: 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. आणि संध्याकाळचा शॉट पहाट म्हणून कधीच वापरू नका. कोकणात सूर्य समुद्रात मावळतो, समुद्रातून उगवत नाही. घरचा प्रेक्षक तिथेच तुटतो.

चूक एडिटला सापडली तर? 4के मध्ये शूट करून 2के मध्ये, म्हणजे निम्म्या रुंदीच्या चित्रात, देणार असाल, तर फ्रेम दुपटीपर्यंत आत घेऊन पाण्याची रेघ कापता येते. नजरेची दिशा जुळवायला शॉट आडवा, म्हणजे आरशातल्यासारखा, उलटवायचा मोह होईल. तो करण्याआधी पदर, शर्टाची बटणं आणि होडीवरचा नोंदणी क्रमांक तपासा. पदर उजव्या खांद्यावर गेला की लगेच खटकतो.