उभं राहिलं की दुखतं : एमआरआयला जाण्याआधीची तयारी

उठून बसलं किंवा उभं राहिलं की डोकं दुखतं आणि आडवं झालं की थांबतं, तेव्हा मेंदू आणि मणक्याभोवतीचं पाणी, म्हणजे सीएसएफ, कुठूनतरी गळत असल्याची शंका असते. त्यासाठीच्या एमआरआयची ही तयारी. सगळ्यात आधी चिठ्ठी वाचा. डॉक्टरांनी दिलेली एमआरआयची चिठ्ठी तशीच पिशवीत टाकू नका. माझ्या धाकट्या बहिणीच्या पहिल्या चिठ्ठीवर ‘डोकेदुखी, मेंदूचा एमआरआय’ एवढंच होतं. उठून बसलं की दुखतं आणि आडवं झालं की थांबतं, ही मुख्य गोष्ट तिच्यावर कुठेच नव्हती. तपासणी कॉन्ट्रास्ट, म्हणजे चित्रात भाग उजळून दिसावा म्हणून शिरेतून देतात ते औषध, न देता झाली, रिपोर्ट नॉर्मल आला आणि पोरीने अडीच महिने मायग्रेनच्या गोळ्यांवर काढले. दुसऱ्या वेळी कॉन्ट्रास्ट दिलं, तेव्हा मेंदूभोवतीचं आवरण पांढऱ्या पट्टीसारखं उजळलेलं दिसलं. म्हणून डॉक्टरांना तिथल्या तिथे विचारा : कॉन्ट्रास्टशिवाय आणि कॉन्ट्रास्टसह, असं दोन्ही लिहिलंय का? ‘पाण्याचा दाब कमी असल्याची शंका’ किंवा ‘सीएसएफ गळतीची शंका’ हे शब्द चिठ्ठीवर आहेत का? पाठीच्या मणक्यांचाही एमआरआय त्याच वेळी करायचा आहे का? गळती बहुतेक वेळा मणक्यात असते, डोक्यात दिसतो तो तिचा परिणाम.

कॉन्ट्रास्टचा आग्रह का, हे घरातल्या एकाला तरी कळलेलं असावं. कवटी म्हणजे बंद डबा. त्यात मेंदू, रक्त आणि पाणी एवढंच मावतं. पाणी कमी झालं की ती जागा रक्त भरून काढतं. शिरा फुगतात, बाहेरचं जाड आवरण रक्ताने भरतं आणि कॉन्ट्रास्ट शोषून उजळतं, मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी मोठी दिसते. आधार गेल्यामुळे मेंदू खाली सरकतो. कधी आवरणाखाली पाणी किंवा रक्त साठतं. हे सगळं मिलिमीटरचं काम आहे. स्वित्झर्लंडमधल्या बर्नच्या डॉक्टरांनी 2019 साली यासाठी 9 गुणांची मोजणी मांडली. पिट्युटरीच्या वरची जागा 4 मिमी किंवा कमी, मेंदूच्या खोडापुढची जागा 5 मिमी किंवा कमी, अशी मापं तिच्यात धरतात. 5 किंवा जास्त गुण झाले तर मणक्यात गळती सापडण्याची शक्यता मोठी, 2 किंवा कमी असतील तर थोडी. शंका चिठ्ठीवर लिहिलेली असेल तर रेडिओलॉजिस्ट या जागा मुद्दाम मोजतात.

क्रमही सांभाळा. कुणी पाठीतून पाणी काढून दाब मोजू म्हणालं, तर ‘एमआरआय आधी करता येईल का?’ असं विचारा. सुईच्या छिद्रातून पाणी झिरपलं तर नंतरच्या एमआरआयमध्ये त्याचीच खूण दिसू शकते, मग मूळ दुखणं कोणतं हे सांगता येत नाही. शिवाय गळती असूनही मोजलेला दाब नॉर्मल येऊ शकतो. सिझेरियन किंवा दुसऱ्या ऑपरेशनच्या वेळी पाठीत भुलीचं इंजेक्शन घेतलं असेल, तर त्याची तारीख मात्र ठळक लिहून न्या.

आदल्या चार-पाच दिवसांची वही ठेवा. उठल्यावर किती मिनिटांनी दुखायला लागतं, आडवं झाल्यावर किती वेळात उतरतं, मान धरते का, कानात आवाज येतो का, एकाचे दोन दिसतात का, मळमळतं का. बहिणीच्या वहीत ‘सकाळी बरी, दुपारी चारनंतर नको’ असं रोज लिहिलेलं होतं, आणि डॉक्टर त्या ओळीवर थांबले. जुना एमआरआय, अगदी दुसऱ्या कारणासाठी काढलेला असला तरी, बरोबर घ्या. लहान मेंदूचं टोक खाली उतरलेलं दिसलं की ते जन्मापासूनचं आहे असा समज होऊ शकतो, आणि मग भलत्याच ऑपरेशनची गोष्ट निघते. आधीच्या फिल्मवर ते टोक जागेवर असेल तर प्रश्न तिथेच मिटतो.

आता जाण्याचं. सेंटरला आधी फोन करून पेशंटला बसवत नाही, म्हणून सांगा आणि स्ट्रेचर मागा. आम्ही मागच्या सीटवर उशी ठेवून बहिणीला आडवं नेलं. तरी काउंटरवर नाव लिहीपर्यंत तिला बाकावर बसावं लागलं आणि दहा मिनिटांत ती ओठ दाबून भिंतीला टेकली. फॉर्म तुम्ही भरा, तिला झोपू द्या. मशिनमध्ये आडवंच असल्याने तिला बरं वाटेल. ‘आता तर दुखत नाही’ असं ती म्हणाली, तरी तपासणी रद्द करू नका.

पेसमेकर, मेंदूतली क्लिप, कानातलं यंत्र, डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेलेला असणं, गरोदरपण, मूत्रपिंडाचा आजार, आधी कॉन्ट्रास्टची आलेली रिअ‍ॅक्शन हे सगळं फोनवरच सांगा. क्रिएटिनिनचा, म्हणजे मूत्रपिंडाचं काम दाखवणाऱ्या रक्ततपासणीचा, रिपोर्ट लागेल का आणि किती तास उपाशी राहायचं, तेही विचारून घ्या. अंगावर दूध पिणारं बाळ असेल तर दूध आपल्या मनाने बंद करू नका, डॉक्टरांना विचारा. मंगळसूत्र, जोडवी, नथ, पिना घरीच काढून ठेवा, आणि साडीला लावलेली सेफ्टी पिन विसरू नका.

तारखेची वाट न पाहता थेट इमर्जन्सीत जायचं ते अशा वेळी : एकाएकी असह्य दुखलं, गुंगी आली, फिट आली, हात किंवा पाय लुळा पडला, ताप येऊन मान आखडली. पूर्वी आडवं झाल्यावर थांबणारं दुखणं आता झोपूनही थांबत नसेल, तरी त्याच दिवशी दाखवा. आवरणाखाली रक्त साठलं किंवा शिरेत गुठळी झाली, तर असं होऊ शकतं.

रिपोर्ट नॉर्मल आला तर फाइल बंद करू नका. गळती असलेल्या साधारण पाचांपैकी एकाच्या मेंदूचा एमआरआय स्वच्छ येतो. ‘मग मणक्याची तपासणी कधी?’ हा प्रश्न न्यूरोलॉजिस्टना विचाराच. नुसत्या फिल्मवर भागवू नका, सीडी मागून घ्या, कारण मापं तिच्यावरून पुन्हा घेता येतात. आणि गाडीवाल्याला थांबवून ठेवा, परत येतानाही तिला आडवंच आणायचंय.