ईयूएस करायला येताय? घरातून निघण्याआधीच होणाऱ्या या चुका टाळा

ईयूएस म्हणजे एंडोस्कोपिक अल्ट्रासाउंड. आमच्याकडचे पेशंट त्याला ‘दुर्बिणीतली सोनोग्राफी’ म्हणतात आणि ते अगदी बरोबर आहे. दुर्बिणीच्या टोकाला सोनोग्राफीचा छोटासा प्रोब बसवलेला असतो. पोटावरून सोनोग्राफी करताना आतड्यातली हवा आणि पोटावरची चरबी आड येते, त्यात स्वादुपिंड जठराच्या मागे दडलेलं. ईयूएसचा प्रोब थेट जठरात आणि लहान आतड्याच्या तोंडाशी जातो, तिथून स्वादुपिंड आणि पित्तनलिका अगदी भिंतीपलीकडे असतात. म्हणून बाहेरून न दिसलेला दोन-तीन मिलिमीटरचा खडाही इथे सापडतो.

एंडोस्कोपी युनिटमध्ये सिस्टर म्हणून मला १४ वर्षं झाली. तपासणी अर्धवट सोडावी लागली किंवा ऐनवेळी रद्द झाली असे जे प्रसंग मी पाहिले, त्यातले बहुतेक आदल्या रात्री नाहीतर त्या दिवशी सकाळी घरीच बिघडलेले होते.

उपवास वेगळा, रिकामं पोट वेगळं

पंचावन्न-साठीच्या एक मावशी तालुक्याहून आल्या होत्या. डोळे पिवळे, पित्तनलिका फुगलेली, पण सोनोग्राफीत खडा काही दिसत नव्हता. मी विचारलं, “मावशी, सकाळपासून काही खाल्लं नाही ना?” त्या म्हणाल्या, “नाही हो सिस्टर, आज गुरुवार, माझा उपवास आहे.” मी फॉर्मवर खूण केली.

भूल दिली, दुर्बीण आत गेली आणि पडद्यावर साबुदाणा. सगळं जठर खिचडीने भरलेलं. भुलेत घशाची राखण थांबते. पोटातलं वर आलं की ते सरळ श्वासनलिकेत उतरू शकतं. मावशींना तेवढ्यात उमासा आला. दुर्बीण काढली, कुशीवर वळवून सक्शन लावलं, ऑक्सिजन खाली घसरला आणि वर यायला जी दोन-तीन मिनिटं लागली ती मला आजही आठवतात. त्या बऱ्या झाल्या, पण एक रात्र देखरेखीखाली काढावी लागली. दोन दिवसांनी पुन्हा ईयूएस केलं तेव्हा पित्तनलिकेच्या अगदी खालच्या टोकाला चार मिलिमीटरचा खडा मिळाला.

मावशी खोटं बोलल्या नव्हत्या. त्यांच्या लेखी खिचडी म्हणजे उपवासच. चूक माझ्या प्रश्नात होती. तेव्हापासून मी ‘उपाशी’ आणि ‘उपवास’ हे दोन्ही शब्द सोडले. मी विचारते, “काल रात्रीपासून तोंडात काय काय गेलं?” आणि मग एकेक नाव घेते: चहा, दूध, ताक, केळं, तीर्थ-प्रसाद, तंबाखू, मिश्री. मिश्री विचारल्यावर अर्ध्या आज्या मान खाली घालतात. कृपा करून त्या सकाळी मिश्री लावू नका.

साधारण हिशोब असा: तेलकट, भरपेट जेवण झालं असेल तर आठ तास, हलकं खाणं असेल तर सहा तास. साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं. दुधाचा चहा पाण्यात मोडत नाही, अर्धा कप असला तरी तो खाण्यातच धरतात. तुमच्या दवाखान्याने यापेक्षा जास्त वेळ सांगितली असेल तर तीच पाळा. बीपीची गोळी घ्यायला सांगितली असेल तर घोटभर पाण्याबरोबर घ्या. आणि चुकून काही खाल्लं असेल तर सांगा. कोणी रागावणार नाही, वेळ बदलून मिळेल. ‘एवढ्याशाने काय होतंय, नंबर जाईल’ म्हणून लपवणारे पेशंट पाहिले की माझ्या पोटात गोळा येतो.

‘हार्टची नाही, कोलेस्टेरॉलची गोळी आहे’

ही दुसरी चूक, आणि ती साबुदाण्याइतकीच धोक्याची. एका काकांच्या स्वादुपिंडातल्या गाठीचा ईयूएसमधून सुईने तुकडा घ्यायचा होता. रक्त पातळ करणारं औषध चालू आहे का, असं मी तीनदा विचारलं. तीनदा “नाही.” गोळ्यांची यादीही सुवाच्य अक्षरात लिहून आणलेली, त्यात ‘कोलेस्टेरॉल – रात्री १’. माझी सवय आहे, मी यादीवर भागवत नाही, पिशवीच मागते. मुलाने गाडीतून पिशवी आणली. त्या एकाच कॅप्सूलमध्ये कोलेस्टेरॉलच्या औषधाबरोबर ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल ही रक्त पातळ करणारी औषधंही होती. अशा तीन औषधांच्या कॅप्सूल आपल्याकडे सर्रास मिळतात. सुई त्या दिवशी रद्द झाली.

मग काकांनी विचारलं, “आजपासून बंद करू का?” नाही! त्यांच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट, म्हणजे ती उघडी ठेवणारी जाळीची नळी, बसवलेला होता. नुसतं ॲस्पिरिन बहुतेक वेळा चालू ठेवतात, सुईसाठी क्लोपिडोग्रेल पाच ते सात दिवस आधी थांबवतात, वॉरफरिन साधारण पाच दिवस. पण थांबवायचं की नाही हे हृदयाचे डॉक्टर आणि ईयूएस करणारे डॉक्टर मिळून ठरवतात. शेजाऱ्याने किंवा मेडिकलवाल्याने सांगितलं म्हणून गोळी सोडली आणि स्टेंट तुंबला, तर त्यापुढे तपासणीतला रक्तस्राव काहीच नाही. म्हणून सगळ्या स्ट्रिप एका पिशवीत घालून आणा, आयुर्वेदिक काढ्यांसकट, आणि तारीख घ्यायला याल तेव्हाच दाखवा.

मधुमेहाच्या गोळ्यांत डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन असेल तर ती साधारण तीन दिवस आधी थांबवायला सांगतात. आठवड्याला एकदा घ्यायचं वजनाचं किंवा साखरेचं इंजेक्शन चालू असेल तर आवर्जून सांगा, त्याने जठर उशिरा रिकामं होतं.

कवळी आणि हलणारा दात, दोन्हीची कल्पना आधी द्या.

जुन्या सीटीचा नुसता कागदी रिपोर्ट आणू नका, सीडी किंवा फिल्म आणा. डॉक्टरांना गाठ कुठे शोधायची ते चित्रात बघायचं असतं.

ईयूएस आणि ईआरसीपी एकच समजणं

“खडा दिसला तर तिथल्या तिथे काढून टाका ना.” हे वाक्य रोज ऐकते. ईयूएस मुख्यतः बघण्यासाठी आणि सुईने तुकडा घेण्यासाठी आहे. पित्तनलिकेतला खडा काढतात तो ईआरसीपी या दुर्बिणीतूनच करायच्या दुसऱ्या प्रक्रियेने. तिची दुर्बीण वेगळी, संमतीची सही वेगळी, खर्च वेगळा, आणि स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोकाही जास्त. कधीकधी दोन्ही एकाच भुलेत करतात, पण ते आधी ठरलेलं असावं लागतं. खडा आहे याची खात्री नसताना आधी ईयूएस करणं, हाच शहाणपणाचा रस्ता आहे. घाई करणाऱ्यांना ते एक जास्तीचं बिल वाटतं. खडा नसेल तर मोठी ईआरसीपी टळते, हे त्यांना कळकळीने सांगावं लागतं.

सुईने गाठ पसरते, ही भीती अनेक घरांत असते. असं झाल्याच्या नोंदी आहेत, पण फार थोड्या. निदानावाचून चुकीचे उपचार होण्याचा धोका त्याहून कितीतरी मोठा. उलट ‘निगेटिव्ह’, म्हणजे कॅन्सरच्या पेशी दिसल्या नाहीत असा, रिपोर्ट आला की पेढे वाटायला निघू नका. स्वादुपिंडाची गाठ कधीकधी इतकी टणक असते की सुईत हव्या त्या पेशी येतच नाहीत. डॉक्टर पुन्हा तुकडा घ्यायचा म्हणाले तर त्यात त्यांचं काही चुकलेलं नसतं.

भुलेनंतर २४ तास गाडी नाही, महत्त्वाच्या कागदांवर सही नाही. सोबतच्या माणसाने तुम्हाला सोडून परत जायचं नाही, थांबायचं.

‘गॅस झालाय’

घरी गेल्यावर घसा थोडा दुखणं, पोट फुगल्यासारखं वाटणं हे एक-दोन दिवसांत जातं. पण पोटात सारखी कळ येऊन ती पाठीत जात असेल, ताप-थंडी, रक्ताची उलटी, काळी शौच, छातीत दुखणं किंवा मानेला सूज असेल, तर इनो आणि ओवा घेऊन सकाळची वाट बघू नका. सुई लावलेल्यांपैकी थोड्यांना स्वादुपिंडाची सूज येते, आणि ती पहिल्या दिवशी कधीकधी ‘गॅस’सारखीच वाटते. मी प्रत्येक फाईलच्या कव्हरवर जाड मार्करने युनिटचा नंबर लिहून देते आणि सोबत आलेल्या माणसाला तो तिथेच, माझ्यासमोर, मोबाईलमध्ये सेव्ह करायला लावते. तुमच्या दवाखान्यात कोणी दिला नाही, तर निघण्याआधी मागून घ्या, आणि रात्री दोनला लावायची वेळ आली तरी लावा.